वटवाघळांच्या अधिवृक्क ग्रंथीची सूक्ष्मरचना

वटवाघळांची अधिवृक्क ग्रंथी ही मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाजवळ असणारी, वाहिनीविरहित आणि जोडीने आढळणारी अंतःस्रावी ग्रंथी आहे. इतर सस्तन प्राण्यांप्रमाणे तिचे बाहेरील बाह्यक आणि आतील मध्यक असे दोन भाग असतात. बाह्यकातून स्टेरॉइड गटातील संप्रेरके, तर मध्यकातून अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही संप्रेरके स्रवतात. कायरोप्टेरा या गणात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती असून सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी सुमारे एक पंचमांश जाती या एकाच गणातील आहेत. उड्डाण, शिथिलावस्था, शुक्राणूंचा दीर्घकाळ साठा आणि लांबलेली गर्भधारणा अशी वैशिष्ट्ये या गणात एकत्र आढळतात. त्यामुळे तिच्या अधिवृक्क ग्रंथीचा छेद पाहताना प्राण्याची जात, लिंग, ऋतू, प्रजननावस्था आणि पकडल्यापासून गेलेला वेळ या पाचही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. त्या ठाऊक नसल्यास एकाच ग्रंथीच्या दोन अवस्था दोन जातींमधील फरक म्हणून नोंदल्या जाण्याचा धोका असतो.

स्थान व स्थूल रचना

अधिवृक्क ग्रंथी उदरपोकळीच्या पाठीकडील भागात, मेदऊतीत अंशतः गुरफटलेली असते. उजवी ग्रंथी पश्च महाशिरेच्या अगदी जवळ असते. ताज्या अवस्थेत बाह्यक मेदामुळे पिवळसर, तर मध्यक रक्ताधिक्यामुळे तांबूस-तपकिरी दिसते. वटवाघळांच्या शरीराच्या आकारमानात मोठी तफावत आहे. काही ठिकाणी पाकोळी म्हटल्या जाणाऱ्या लहान कीटकभक्षी वटवाघळांचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास असते, तर टेरोपस मेडियस या मोठ्या फळभक्षी वटवाघळाचे वजन एक किलोग्रॅमहून अधिक भरू शकते. लहान जातींत ही ग्रंथी इतकी बारीक असते की भोवतालच्या मेदापासून तिला वेगळे करण्यासाठी विच्छेदन-सूक्ष्मदर्शक लागतो.

लहान आकाराचा एक लाभही आहे. अशी ग्रंथी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग छेदांत कापता येते आणि प्रत्येक मंडलाचे घनफळ मोजता येते. केवळ एखाद्या छेदावरून जाडी ठरवल्यास चूक होऊ शकते, कारण तिरपा किंवा कडेचा छेद घेतल्यास पातळ थरही जाड भासतो.

उगम

बाह्यक आणि मध्यक यांचा भ्रूणीय उगम भिन्न आहे. बाह्यक मध्यस्तरापासून, म्हणजे देहगुहेच्या अस्तरातील पेशींपासून तयार होते. मध्यकाच्या पेशी चेताशिखेतून, म्हणजे चेतासंस्थेच्या आद्यभागाच्या कडेच्या पेशीसमूहातून स्थलांतर करून येतात आणि वाढत्या बाह्यकाच्या आत शिरून स्थिरावतात. या स्थलांतरामुळे प्रौढ ग्रंथीतही दोन ऊतींमधील सीमा सर्वत्र सरळ नसते. मध्यकाच्या पेशींची बेटे बाह्यकात किंवा बाह्यकाच्या पेशींचे पट्टे मध्यकात शिरलेले दिसू शकतात. केवळ एवढ्यावरून ती विकृती मानली जात नाही.

आवरण

ग्रंथीभोवती कोलॅजन तंतू, तंतुजनक पेशी आणि काही अरेखित स्नायुपेशी यांचे संयोजी ऊतींचे आवरण असते. त्यातून बारीक पडदे आत शिरतात आणि त्यांच्याबरोबर रक्तवाहिन्या व चेतातंतू जातात. आवरणात आणि त्याच्या लगत खाली अल्पविभेदित पेशी असतात. त्यांच्यापासून बाह्यकाच्या नव्या पेशी निर्माण होतात व हळूहळू केंद्राच्या दिशेने सरकतात. प्रवासाच्या ओघात त्यांचे रूप व स्राव बदलतो आणि अखेरीस मध्यकाजवळ त्यांचा ऱ्हास होतो. म्हणून बाह्यकातील मंडले ही कायमची वेगळी ऊतके नसून पेशींच्या एका प्रवाहातील टप्पे आहेत, असे समजले जाते.

बाह्यक

बाह्यकात बाहेरून आत अशी तीन मंडले ओळखली जातात. त्यांच्या जाडीचे प्रमाण आणि सीमांचा स्पष्टपणा जातीनुसार व प्राण्याच्या अवस्थेनुसार बदलतो.

झोना ग्लोमेरुलोसा किंवा गुच्छमंडल हे आवरणाखालील पातळ मंडल आहे. त्यातील पेशी लहान असून गोलसर गुच्छांत किंवा कमानींत रचलेल्या असतात. केंद्रके गडद रंगतात आणि पेशीद्रव्यात मेदबिंदू तुलनेने कमी असतात. येथून स्रवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मूत्रपिंडाला सोडियम राखून पोटॅशियम बाहेर टाकण्यास प्रवृत्त करते. आहारात सोडियम कमी पडल्यास अनेक सस्तन प्राण्यांत हे मंडल जाड होते. फळांत सोडियम कमी व पोटॅशियम जास्त असते, तर कीटकांच्या शरीरात सोडियम पुरेसे असते. म्हणून फळभक्षी आणि कीटकभक्षी वटवाघळांच्या तुलनेत गुच्छमंडलाची जाडी हे महत्त्वाचे निरीक्षण ठरते.

झोना फॅसिक्युलाटा किंवा पूलिकामंडल हे सर्वांत जाड मंडल आहे. बहुकोनी, मोठ्या पेशींचे उभे स्तंभ केंद्राकडे रोखलेले असतात आणि दोन स्तंभांमधून रुंद केशवाहिन्या जातात. नेहमीच्या पॅराफिन पद्धतीत अल्कोहोल व झायलीन यांमुळे मेद विरघळतो. त्यामुळे पेशीद्रव्य फेसाळ, पोकळ्यांनी भरलेले दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्टेरॉइड बनवणाऱ्या पेशींची तीन लक्षणे दिसतात: मेदबिंदू, विपुल गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका आणि नळीसारख्या किंवा पुटिकांसारख्या अंतर्घड्या असलेल्या तंतुकणिका. कोलेस्टेरॉलपासून ग्लुकोकॉर्टिकॉइड संप्रेरके येथे तयार होतात. अभ्यासल्या गेलेल्या बहुतेक वटवाघळांत मुख्य ग्लुकोकॉर्टिकॉइड कॉर्टिसॉल आहे, तर काही जातींत कॉर्टिकोस्टेरॉनही आढळते. उंदीर व घूस यांच्या बाह्यकात कॉर्टिसॉल बनवण्यास लागणारे एक विकर कार्यरत नसल्याने त्यांच्यात कॉर्टिकोस्टेरॉन प्रमुख असते. त्यामुळे प्रयोगशाळेतील उंदरावरून काढलेले निष्कर्ष वटवाघळांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

झोना रेटिक्युलॅरिस किंवा जालमंडल मध्यकाला लागून असते. पेशींच्या रांगा एकमेकींत गुंतून जाळे बनते. पेशी लहान, गडद रंगणाऱ्या आणि कमी मेदाच्या असतात. काहींत लिपोफ्युसिन हे तपकिरी रंगद्रव्य साठलेले दिसते आणि ऱ्हास पावणाऱ्या, आक्रसलेल्या केंद्रकांच्या पेशीही येथेच अधिक सापडतात. पूलिकामंडल व जालमंडल यांची सीमा वटवाघळांत पुष्कळदा अस्पष्ट असते. म्हणून केवळ पेशींच्या रचनेवर विसंबून न राहता मेदरंजन आणि विकरांचे रंजन यांचा आधार घेणे योग्य ठरते.

मध्यक

मध्यकातील मुख्य पेशींना क्रोमाफिन पेशी म्हणतात. क्रोमियमयुक्त द्रावणात त्या पिवळट-तपकिरी होतात, यावरून हे नाव पडले. त्या गोलाकार समूहांत किंवा आखूड दोऱ्यांत रचलेल्या असतात आणि त्यांच्या लगत रक्तकोटरे असतात. पेशींचे दोन प्रकार आहेत. एकांत अ‍ॅड्रेनॅलिन, तर दुसऱ्यांत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साठवलेले असते. ग्लुटारअल्डिहाइडने स्थिरीकरण करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे कण फार दाट काळे, तर अ‍ॅड्रेनॅलिनचे कण फिकट राखाडी दिसतात. क्रोमाफिन पेशींबरोबर आधार देणाऱ्या पेशी आणि विखुरलेल्या चेतागुच्छिका-पेशीही आढळतात.

क्रोमाफिन पेशी एका अर्थाने अक्षतंतू नसलेल्या अनुकंपी चेतापेशी आहेत. पाठीच्या कण्यातून निघालेले गुच्छिकापूर्व चेतातंतू थेट त्यांच्यापर्यंत येतात आणि अ‍ॅसिटिलकोलिनच्या साहाय्याने त्यांना उद्दीपित करतात. त्यामुळे मध्यकाचा प्रतिसाद काही सेकंदांत, तर पीयूषिका ग्रंथीमार्फत चालणाऱ्या बाह्यकाचा प्रतिसाद काही मिनिटांत दिसतो. वटवाघळाच्या शरीरक्रियांचा पल्ला फार मोठा असतो. मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळणाऱ्या युरोडर्मा बिलोबॅटम या लहान फळभक्षी जातीत उड्डाणावेळी हृदयाचे ठोके मिनिटाला ९०० पर्यंत जातात आणि विश्रांतीत अधूनमधून सुमारे २०० पर्यंत उतरतात. इतक्या वेगाने होणाऱ्या बदलांच्या नियमनात अनुकंपी चेतासंस्था आणि मध्यक यांचा वाटा समजून घेणे हा या अभ्यासाचा एक हेतू आहे.

रक्तपुरवठा

आवरणाखाली धमनिकांचे जाळे असते. त्यातून निघालेल्या, सच्छिद्र भिंतींच्या केशवाहिन्या बाह्यकातून केंद्राकडे जातात व मध्यकातील रक्तकोटरांना मिळतात. काही धमनिका बाह्यकात न थांबता थेट मध्यकात पोचतात. सर्व रक्त अखेर मध्यवर्ती शिरेत जमा होते.

या मांडणीचा परिणाम असा की मध्यकाला मिळणाऱ्या रक्तात बाह्यकातील ग्लुकोकॉर्टिकॉइडांचे प्रमाण उर्वरित शरीरातील रक्तापेक्षा कितीतरी अधिक असते. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे अ‍ॅड्रेनॅलिनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराची निर्मिती या संप्रेरकांमुळे वाढते. भिन्न उगमाच्या दोन ऊती एकाच आवरणात असण्याचे कार्यात्मक महत्त्व यावरून स्पष्ट होते.

ऋतू आणि प्रजननचक्र

वटवाघळांच्या प्रजननाच्या पद्धती विविध आहेत आणि या विविधतेचा पायाभूत अभ्यास महाराष्ट्रात झाला. नागपूरच्या विज्ञान संस्थेत ए. गोपालकृष्ण व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय वटवाघळांचे प्रजनन आणि भ्रूणविज्ञान यांवर अनेक दशके संशोधन केले. टॅफोझोअस लाँगिमॅनस ही जाती वर्षभर प्रजनन करते, हे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसले. पिपिस्ट्रेलस सिलोनिकस या जातीच्या मादीच्या जननमार्गात शुक्राणू जिवंत राहतात, याविषयीचा ए. माधवन यांच्यासमवेतचा लेख १९७१ मध्ये आला. रूसेटस लेशेनॉल्टी या गुहेत राहणाऱ्या फळभक्षी वटवाघळाची मादी वर्षातून दोनदा विते. मार्चमधील प्रसूतीनंतर लगेच तिला पुन्हा गर्भ राहतो व दुसरे पिल्लू जुलैच्या सुमारास जन्मते. हे निष्कर्ष पी. एन. चौधरी यांच्यासमवेत १९७७ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अधिवृक्क ग्रंथीच्या अभ्यासकाला या माहितीची थेट गरज पडते. टॅफोझोअस लाँगिमॅनसच्या समूहातून एकाच दिवशी घेतलेल्या माद्या प्रजननाच्या निरनिराळ्या अवस्थांत असू शकतात. रूसेटसच्या मार्चमधील मादीत दुग्धस्रवण आणि नवी गर्भधारणा एकाच वेळी चालू असते. गर्भधारणा व दुग्धस्रवण या दोन्ही अवस्थांत ऊर्जेची मागणी वाढते, ग्लुकोकॉर्टिकॉइडांची रक्तातील पातळी बदलते आणि पूलिकामंडलातील पेशींचा आकार व मेदसाठा यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून महिन्याची नोंद पुरेशी नसते. अंडाशय व गर्भाशय यांचेही छेद घेऊन मादीची अवस्था निश्चित करावी लागते.

स्कोटोफिलस हीथी या पिवळसर वटवाघळाचे उदाहरण याहून बोलके आहे. वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात अमिताभ कृष्णा व सहकाऱ्यांनी या जातीवर दीर्घकाळ काम केले. तिचे मीलन जानेवारी-फेब्रुवारीत होते, परंतु अंडमोचन मार्चच्या सुमारास घडते आणि मधल्या काळात शुक्राणू मादीच्या शरीरात साठून राहतात. हिवाळ्यात माद्यांच्या शरीरात मेद साठतो आणि रक्तातील अँड्रोजेन संप्रेरकांची पातळीही बरीच उंचावते. अँड्रोजेन हे अंडाशय व बाह्यक या दोहोंत तयार होऊ शकते. त्यामुळे अशा जातीत जालमंडलाचे निरीक्षण अंडाशयाच्या निरीक्षणापासून अलग ठेवता येत नाही.

शिथिलावस्था

समशीतोष्ण प्रदेशांतील अनेक वटवाघळे कित्येक महिने शीतनिद्रा घेतात. उत्तर अमेरिकेतील मायोटिस ल्युसिफ्युगस या जातीच्या नरांत रक्तातील कॉर्टिसॉलची पातळी वर्षभरात लयबद्धपणे बदलते, असे गुस्टाफ्सन व बेल्ट यांनी १९८१ मध्ये दाखवले. महाराष्ट्राच्या उष्ण हवामानात अशी प्रदीर्घ शीतनिद्रा आढळत नाही. तथापि काही लहान जाती दिवसा विश्रांतीच्या वेळी शरीराचे तापमान उतरवून शिथिलावस्थेत जातात. अशा प्राण्याला जागे करून पकडल्यास त्याचे तापमान, हृदयगती आणि संप्रेरकांची पातळी एकदम चढते. शिथिल आणि जागृत प्राण्यांच्या ग्रंथी एकाच गटात मोजल्यास सरासरी निरर्थक ठरते.

ताण आणि नमुन्याची विश्वासार्हता

ताणाच्या प्रसंगी हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला उद्दीपित करतो. तिच्यातून स्रवणारे एसीटीएच हे संप्रेरक पूलिकामंडलातील पेशींना कॉर्टिसॉल बनवण्यास लावते. सूक्ष्मदर्शकाखाली याचे परिणाम दोन टप्प्यांत दिसतात. ताण अल्पकालीन असल्यास साठवलेले कोलेस्टेरॉल वापरले जाऊन मेदबिंदू घटतात. तो दीर्घकाळ टिकल्यास पेशी मोठ्या होतात, पूलिकामंडल रुंदावते आणि ग्रंथीचे वजन वाढते.

जाळ्यात अडकणे, पिशवीत कोंबले जाणे आणि हाताळले जाणे हाही वटवाघळाच्या दृष्टीने तीव्र ताणच असतो. रक्तातील मूळ पातळी मोजायची असल्यास पकडल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत नमुना घेण्याचा प्रघात आहे. ग्रंथीचे स्थिरीकरण कित्येक तासांनी केले असेल तर छेदात दिसणारा मेदाचा अभाव निसर्गातील अवस्था दाखवतो की पकडण्याचा परिणाम दाखवतो, हे सांगता येत नाही. म्हणून उत्तम अभ्यासात पकडण्याची वेळ, मृत्यूची वेळ आणि स्थिरीकरणाची वेळ स्वतंत्रपणे नोंदलेली असते. ही नोंद नसलेल्या जुन्या संग्रहातील छेद मंडलांची मांडणी समजण्यास उपयोगी असतात, परंतु ताणाविषयी निष्कर्ष काढण्यास अपुरे पडतात.

अभ्यासपद्धती

सर्वसाधारण रचनेसाठी ग्रंथी फॉर्मॅलिन किंवा बुएँ द्रावणात स्थिर करून पॅराफिनमध्ये बसवतात. मायक्रोटोमने पाच ते सात मायक्रोमीटर जाडीचे छेद घेऊन ते हिमॅटॉक्सिलिन व इओसिनने रंगवतात. मेद पाहण्यासाठी गोठवलेले छेद आणि सुदान ब्लॅक किंवा ऑइल रेड ओ हे रंग वापरतात. स्टेरॉइड निर्मितीची जागा विकरांच्या रंजनाने निश्चित होते. मध्यकासाठी क्रोमेटयुक्त स्थिरीकारक लागते. एकाच ग्रंथीवर या सर्व पद्धती वापरता येत नसल्याने डावी ग्रंथी एका पद्धतीसाठी व उजवी दुसरीसाठी राखली जाते. अशा वेळी कोणती बाजू कशासाठी वापरली, हे सर्व प्राण्यांत समान ठेवणे आवश्यक असते.

ठाणे परिसर आणि संवर्धनाचा संदर्भ

ठाणे व कल्याण-डोंबिवली यांच्या दरम्यानचे दिवा हे मध्य रेल्वेवरील जंक्शन असून येथून पनवेल व वसईकडे मार्ग फुटतात. खाडी, पारसिकचा डोंगर आणि दाट वस्ती यांच्या सान्निध्यात असलेला हा पट्टा ज्या जातींच्या वितरणक्षेत्रात येतो, त्यांत टेरोपस मेडियस, सायनोप्टेरस स्फिंक्स आणि पिपिस्ट्रेलस प्रजातीतील लहान वटवाघळे यांचा समावेश होतो. सायनोप्टेरस स्फिंक्सचे नर ताडाची पाने किंवा खोट्या अशोकाच्या फांद्या कुरतडून तंबूसारखा निवारा करतात आणि खोटा अशोक हे गृहसंकुलांच्या आवारातील नेहमीचे झाड आहे. या जातीची मादीही वर्षातून दोनदा गाभण राहते. पहिल्या गर्भधारणेत भ्रूणाची वाढ काही काळ मंदावत असल्याने ती सुमारे पाच महिने, तर दुसरी सुमारे चार महिने चालते. ठाणे जिल्ह्याला भिडलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी हे गुहावासी वटवाघळांचे परिचित ठिकाण आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंद्रे ब्रोसे यांनी मध्य व पश्चिम भारतातील वटवाघळांचे केलेले सर्वेक्षण १९६२ पासून प्रसिद्ध झाले.

वस्तीतील प्रकाश, आवाज आणि झाडतोड यांचा वटवाघळांवर होणारा परिणाम मोजताना अधिवृक्क ग्रंथी हा स्वाभाविक निर्देशक ठरतो. मात्र ग्रंथीचा छेद घेण्यासाठी प्राणी मारावा लागतो. बहुतेक वटवाघळे वर्षाला एक किंवा दोनच पिल्ले देत असल्याने एका वसाहतीतून अनेक प्रौढ माद्या काढून घेणे वसाहतीला परवडत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत फळभक्षी वटवाघळांची गणना उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूची वगळण्यात आली. बेळगाव जिल्ह्यातील बारापेडे गुहेतून मिळालेल्या नमुन्यांवरून १९१३ मध्ये वर्णन झालेले रॉटनचे वटवाघूळ, ओटोमॉप्स रॉटनी, पहिल्या अनुसूचीत समाविष्ट करण्यात आले होते.

यामुळे संशोधनाचा भर बदलला आहे. विष्ठेतील ग्लुकोकॉर्टिकॉइडांचे अवशेष मोजून प्राण्याला इजा न करता ताणाचा अंदाज घेता येतो. निवाऱ्याखाली पसरलेल्या कापडावर पडलेली विष्ठा यासाठी पुरते. मृतावस्थेत सापडलेल्या प्राण्यांच्या ग्रंथी आणि संग्रहालयांतील जुने छेद यांवरूनही माहिती मिळते, मात्र मृत्यूनंतर ही ग्रंथी लवकर कुजू लागत असल्याने त्यांचा उपयोग मर्यादित असतो. विष्ठेतील आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी त्या जातीच्या बाह्यकात कोणते संप्रेरक प्रमुख आहे आणि प्रजननचक्रात त्याचे प्रमाण कसे बदलते, हे आधी माहीत असावे लागते. हे ज्ञान ग्रंथीच्या सूक्ष्मरचनेच्या अभ्यासातूनच आलेले असल्याने, पूर्वी तयार झालेले आणि नीट नोंदी असलेले छेद जपून ठेवणे व त्यांचा पुन्हा अभ्यास करणे याला आजही महत्त्व आहे.